हसू दुसऱ्यांदा येते तेव्हा

‘ऑस्टिन पॉवर्स’ या विनोदी हेरपटाचा दुसरा भाग, त्याचे संगीत आणि त्यावर हसलेला, रुसलेला प्रेक्षक

११ जून १९९९, शुक्रवार. अमेरिकेतील चित्रपटगृहांत त्या दिवशी एका विनोदी हेरपटाचा दुसरा भाग प्रदर्शित झाला आणि रविवारची रात्र सरेपर्यंत त्याच्या तिकीटबारीवर सुमारे ५ कोटी ४९ लाख डॉलर जमा झाले. उन्हाळी सुटीच्या दिवसांत तिकडे असे मोठे आकडे कानी पडतातच. नवल निराळेच होते. याच चित्रपटाचा पहिला भाग मे १९९७ मध्ये आला होता आणि अमेरिकेतील त्याच्या साऱ्या मुक्कामाची मिळून कमाई सुमारे ५ कोटी ३९ लाख डॉलर होती. पहिल्याने काही महिन्यांत मिळवले, त्याहून अधिक दुसऱ्याने तीन दिवसांत मिळवले. दुसरा भाग सहसा पहिल्याच्या पुण्याईवर जगतो. येथे ती पुण्याईच बेताची होती. मग हा जनसमुदाय आला कोठून?

तो आला घरांतून. १९९७च्या उन्हाळ्यात ज्यांनी या चित्रपटाकडे पाठ फिरवली होती, त्यांनीच पुढील दीड-दोन वर्षांत त्याची व्हिडिओ कॅसेट दुकानातून भाड्याने आणली. डीव्हीडीची तबकडी तेव्हा नुकतीच बाजारात आली होती. तीही हातोहात फिरू लागली. चित्रपटगृहात विनोद एकदा कानावर पडतो आणि निघून जातो. घरात तो मागे नेऊन पुन्हा पाहता येतो. धाकट्याला कळला नाही तर थोरला समजावून सांगतो. दुसऱ्या दिवशी तोच संवाद शाळेच्या डब्याबरोबर वर्गात जातो. ऑस्टिन पॉवर्सची ती लाडिक बोलण्याची ढब, ते दात, ती मखमली कोटाची ऐट अमेरिकेतल्या पोरासोरांच्या तोंडी बसली ती अशी. दुसरा भाग आला तेव्हा हा प्रेक्षक तयार होऊनच चित्रपटगृहाच्या दारात उभा होता. पुढचा संवाद काय येणार याचा त्याला अंदाज होता आणि तो आला की सगळ्यांनी मिळून हसायचे, हेही जणू ठरलेले होते.

कीर्तनात ठाऊक असलेलेच आख्यान ऐकायला माणसे जातात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे आख्यान दोन वर्षांचे होते आणि बुवा वेडावाकडा नाचत होता.

वडिलांची आठवण

या सगळ्याच्या मुळाशी मात्र एक खाजगी दुःख आहे. चित्रपटाचा लेखक आणि नायक माइक मायर्स हा कॅनडातील स्कारबरो येथे वाढला. आईवडील दोघेही इंग्लंडमधील लिव्हरपूलहून तेथे आलेले. परदेशी स्थायिक झालेले कुटुंब मायदेश कसा जपते, हे सांगायला नको. कोणी पदार्थांतून जपते, कोणी सणांतून. मायर्सच्या वडिलांनी, एरिक मायर्स यांनी, इंग्लंड जपले ते विनोदातून. पीटर सेलर्सचे चित्रपट, मॉन्टी पायथन या मंडळींचे प्रहसन, जेम्स बाँडचे हेरपट, हे सारे त्यांनी मुलाला शेजारी बसवून दाखवले. १९९१ मध्ये ते गेले. पुढे मायर्सने अनेकदा सांगितले आहे की ऑस्टिन पॉवर्स ही वडिलांना वाहिलेली आदरांजली आहे.

कल्पना सुचली ती एका गाण्यावरून. हॉकीच्या सरावाहून गाडीने परतताना रेडिओवर बर्ट बॅकरॅक यांचे ‘द लुक ऑफ लव्ह’ लागले आणि साठच्या दशकातले ते रंगेल, बिनधास्त लोक आता कुठे गेले असतील, असा विचार मायर्सच्या मनात आला. त्यातून एक हेर उभा राहिला, जो १९६७ मध्ये गोठवला जातो आणि तीस वर्षांनी जागा होतो. जग बदललेले, तो मात्र तसाच. यातला योग पाहण्यासारखा आहे. ‘द लुक ऑफ लव्ह’ हे गाणे मुळात १९६७च्या ‘कसीनो रोयाल’ या चित्रपटासाठी रचलेले. डस्टी स्प्रिंगफील्ड यांनी गायलेले. तो चित्रपट म्हणजे बाँडपटांचे विडंबनच, आणि त्यात पीटर सेलर्सही होता. एका विनोदी हेरपटातले गाणे तीस वर्षे हवेत तरंगत राहिले आणि दुसऱ्या विनोदी हेरपटाच्या रूपाने जमिनीवर उतरले.

म्हणून या चित्रपटांत संगीताला नुसते तोंडीलावणे समजणे चुकीचे ठरेल. बॅकरॅक स्वतः तिन्ही भागांत दिसतात. पहिल्या भागात ते लास वेगासच्या रस्त्यावर उघड्या दुमजली बसच्या टपावर पियानो वाजवतात. दुसऱ्या भागात लंडनच्या रस्त्याकडेला एल्विस कोस्टेलो यांच्यासह बसून ‘आय विल नेव्हर फॉल इन लव्ह अगेन’ हे १९६८च्या संगीतिकेतले गीत सादर करतात. बॅकरॅक आणि कोस्टेलो या जोडीने आदल्याच वर्षी एकत्र एक गाण्यांचा संग्रह काढला होता, हे जाणणाऱ्यांना त्या प्रसंगात दुहेरी आनंद झाला. न जाणणाऱ्यांना एवढेच दिसले की भोवती आचरटपणा चालू असताना मध्येच कोणीतरी मनापासून गात आहे आणि चित्रपटही त्या दोन मिनिटांपुरता थट्टा विसरून ऐकत उभा आहे.

वीस मिनिटांत सुचलेली धून

ऑस्टिन पॉवर्स म्हटले की पहिल्यांदा जी धून ओठांवर येते, ती या चित्रपटांसाठी रचलेलीच नाही. ‘सोल बोसा नोवा’ ही क्विन्सी जोन्स यांची १९६२ सालची रचना. आपल्याला ती वीस मिनिटांत सुचली, असे ते सांगत. तिच्या मूळ ध्वनिमुद्रणात बासरी वाजवली आहे रोलंड कर्क यांनी, आणि पियानोवर आहेत लालो शिफ्रिन. हेच शिफ्रिन पुढे ‘मिशन इम्पॉसिबल’ या हेरमालिकेच्या जगप्रसिद्ध धुनेचे जनक झाले. खऱ्या हेरमालिकेची धून देणारा वादक आणि हेरांची टिंगल करणारी धून, दोन्ही अशी एकाच खोलीत, कोणाला कसलीही कल्पना नसताना, भेटून गेली होती.

अमेरिकी प्रेक्षकाला ही धून १९९७ मध्ये नवी वाटली. कॅनडातील प्रेक्षकाला तशी ती वाटणे शक्यच नव्हते. ‘डेफिनिशन’ नावाचा शब्दकोड्यांचा एक कार्यक्रम तेथील दूरचित्रवाणीवर १९७४ पासून १९८९ पर्यंत चालला आणि त्याची ओळखीची धून हीच होती. मायर्सच्या पिढीतली कॅनेडियन मुले शाळेतून येऊन ती ऐकतच मोठी झाली. टोरांटोच्या ड्रीम वॉरियर्स या चमूने नव्वदीच्या आरंभी याच धुनेवर आपले एक गाजलेले रॅप गाणे बांधले होते. म्हणजे लॉस एंजेलिसमध्ये जी धून साठच्या दशकातल्या लंडनची ऐट होती, ती टोरांटोत दुपारच्या चहाची आठवण होती. एकाच सुरावर दोन देशांतले लोक दोन वेगळ्या कारणांनी खूष झाले. आकाशवाणीवरची एखादी जुनी संकेतधून चित्रपटात अचानक वाजली तर मराठी माणसाचे काय होईल, याची कल्पना केली की हे सहज उमगते.

तोच विनोद, उलटा करून

दिग्दर्शक जे रोच आणि मायर्स यांनी दुसऱ्या भागात नवे काही शोधण्याचा फारसा आव आणला नाही. खलनायक डॉक्टर ईव्हल या वेळी कालयंत्र बनवतो, १९६९ मध्ये जातो आणि गोठलेल्या ऑस्टिनच्या अंगातील जोम, ज्याला चित्रपटात ‘मोजो’ म्हटले आहे, तो चोरून नेतो. मग ऑस्टिनही त्याच्या मागोमाग भूतकाळात. नायक मायर्स, खलनायक मायर्स, आणि स्कॉटलंडचा एक महाकाय पहारेकरीही मायर्सच. पहिल्या भागात तीस वर्षांनी जागा झालेला डॉक्टर ईव्हल साऱ्या जगाला ओलीस धरून अवघे १० लाख डॉलर मागतो आणि त्याचे साथीदार ओशाळतात, कारण १९९७ मध्ये ती रक्कम किरकोळ ठरलेली असते. दुसऱ्या भागात तो १९६९ मध्ये बसून १०० अब्ज डॉलर मागतो आणि पलीकडचे लोक पोट धरून हसतात, कारण तेवढा पैसा तेव्हा अस्तित्वातच नसतो. विनोद तोच, नुसता उलटा केलेला. महागाईच्या गणितावर एवढे मोकळे हसू क्वचितच कोणी काढले असेल.

येथेच प्रेक्षकांत पहिली फूट पडली. काहींची तक्रार अशी की हे तर पहिल्याचेच पुन्हा वाढलेले ताट. तक्रार खोटी नव्हती. पण ज्यांनी पहिला भाग घरी आठ-दहा वेळा पाहिला होता, त्यांना पुन्हा तेच हवे होते. थोडे बदलून, थोडे फुगवून. चित्रपटालाही हे पक्के ठाऊक होते. कालप्रवासाच्या गोंधळात ऑस्टिन स्वतःच अडकतो तेव्हा त्याचा वरिष्ठ त्याला सांगतो, याचा फार विचार करू नकोस, मजा कर. आणि मग सरळ कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकांनाही तेच सांगतो. इंग्लंडमधून गाडी चालवताना ऑस्टिनला आश्चर्य वाटते की हा देश दक्षिण कॅलिफोर्नियासारखा मुळीच दिसत नाही. चित्रीकरण अर्थातच दक्षिण कॅलिफोर्नियात झालेले असते. या जागांवर चित्रपटगृहांत सर्वाधिक हशा पिकला तो आपल्याला विश्वासात घेतले गेल्याच्या समाधानाने. जाहिरातीतही हाच सूर होता. त्याच वर्षी १९ मे रोजी ‘स्टार वॉर्स’चा बहुप्रतीक्षित नवा भाग येत होता. या मंडळींनी जाहीर सांगून टाकले की उन्हाळ्यात एकच चित्रपट पाहणार असाल तर ‘स्टार वॉर्स’ पाहा. दोन पाहणार असाल तरच आमच्याकडे या.

विडंबनाची एक जुनी अट असते. आचार्य अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ वाचून जो खरा हसला, त्याला मूळ कविता पाठ होत्या. डॉक्टर ईव्हलचे तुळतुळीत डोके, गालावरचा व्रण, मांडीवरचे मांजर हे सारे १९६७च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ या बाँडपटातील खलनायकावरून उचललेले. १९९९ साली तेरा-चौदा वर्षांच्या किती मुलांनी तो बाँडपट पाहिला असेल? बहुतेकांनी नाहीच. तरीही ती हसली. त्यांच्यापुरते विडंबनच मूळ ठरले. पुढे केव्हातरी खरा बाँडपट पाहताना त्यांना तोच नकलेसारखा वाटू लागला. याचा परिणाम बाँडवरही झाला. २००६ ते २०२१ या काळात ती भूमिका केलेल्या डॅनियल क्रेगने मुलाखतींत कबूल केले आहे की ऑस्टिन पॉवर्सने ते जुने विनोद इतके उघडे पाडले की बाँडला गंभीर होण्यावाचून गत्यंतर उरले नाही. नक्कल करणाऱ्याने मूळ गायकाला चाल बदलायला लावावी, असे फार वेळा घडत नाही.

चित्रपटाआधी पोहोचलेली गाणी

गीतसंग्रह चित्रपटाच्या दहा दिवस आधी, १ जूनला, बाजारात आला. तो काढला मॅडोनाच्या मॅव्हरिक या कंपनीने आणि त्यातले बिनीचे गाणेही तिचेच होते, ‘ब्युटिफुल स्ट्रेंजर’. विल्यम ऑर्बिट यांच्यासह तिने ते रचले होते. आदल्या वर्षी याच जोडीने ‘रे ऑफ लाइट’ हा संग्रह देऊन वाहवा मिळवली होती. पण तेथील गंभीर, अंतर्मुख सूर बाजूला ठेवून येथे साठच्या दशकातला रंगीबेरंगी, झुलता बाज घेतला. अमेरिकेत हे गाणे सुटे विकायला काढलेच नाही. केवळ रेडिओवर वाजण्याच्या जोरावर ते बिलबोर्डच्या यादीत एकोणिसाव्या क्रमांकापर्यंत चढले. ब्रिटनमध्ये ते सुटे मिळत होते, तेथे दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. पुढील वर्षी चित्रपटासाठी लिहिलेल्या सर्वोत्तम गीताचा ग्रॅमी पुरस्कारही त्याला मिळाला.

लेनी क्राविट्झने गायलेल्या ‘अमेरिकन वुमन’ची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. गेस हू या कॅनेडियन वाद्यवृंदाचे हे १९७०चे गाणे. व्हिएतनाम युद्धाच्या त्या दिवसांत शेजारच्या बलाढ्य देशाकडे पाहून शेजाऱ्याने काढलेला वैतागाचा उद्गार म्हणून ते ऐकले गेले होते, आणि तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. क्राविट्झने त्याची गती उतरवली, गिटार मऊ केले. चित्रफितीत नायिका हेदर ग्रॅहम आली आणि गाण्यातला राग विरघळून केवळ मोह उरला. क्राविट्झला त्यासाठी ग्रॅमी मिळाले. जुन्या श्रोत्यांनी मात्र नाके मुरडली. मुरडण्याजोगे होतेही. एखाद्या संतप्त पोवाड्याची लावणी करावी, तसा हा प्रकार होता. लावणी कितीही देखणी झाली तरी पोवाडा ऐकलेल्याला काहीतरी हरवल्यासारखे वाटणारच.

बँगल्स या गायिकावृंदाच्या चाहत्यांसाठी या संग्रहात वेगळीच भेट होती. दशकापूर्वी विखुरलेल्या या मैत्रिणी ‘गेट द गर्ल’ या गाण्यासाठी पुन्हा एकत्र आल्या. त्यांतील सुझॅना हॉफ्स या दिग्दर्शक जे रोच यांच्या पत्नी. घरचेच कार्य म्हटल्यावर सर्वांना बोलावणे ओघाने आलेच. द हू, आर.ई.एम., ग्रीन डे अशी इतरही मोठी नावे होती. एकाच तबकडीत वडिलांच्या पिढीचे आणि मुलांच्या पिढीचे वादक शेजारी बसले होते आणि गाडीत ती लावली असता मागच्या सीटवरून कोणी कुरकुर करण्याचे कारण नव्हते. चित्रपटाबद्दल असे म्हणता येत नव्हते.

न उच्चारलेला शब्द

चित्रपटाचे पूर्ण नाव ‘ऑस्टिन पॉवर्स : द स्पाय हू शॅग्ड मी’. १९७७च्या ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ या बाँडपटाच्या नावात एक शब्द बदलून ते केलेले. बदललेला शब्द अमेरिकेत बहुतेकांना परका आणि म्हणून निरुपद्रवी वाटला. ब्रिटनमध्ये तो चारचौघांत, विशेषतः आजीसमोर, उच्चारण्याजोगा नाही. त्यामुळे अमेरिकी रस्तोरस्ती तो भल्या मोठ्या अक्षरांत झळकलेला पाहून इंग्रज पाहुणे चकित होत. सिंगापुरात काही काळ नाव बदलून ‘शिओक्ड’ असे करण्यात आले. ‘शिओक’ म्हणजे तेथील बोलीत मजा, झकास वाटणे. एका शब्दाच्या फरकाने शिवी गेली आणि खाऊगल्लीतला आनंद आला.

अमेरिकेत चित्रपटाला तेरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांनी विचार करावा, असे प्रमाणपत्र होते. विचार करायला जागा भरपूर होती. तरी यातील दोन विनोद कसे रचले आहेत ते पाहण्यासारखे आहे. एका प्रसंगात रात्री तंबूत दिवा लावून नायिका ऑस्टिनच्या सामानातून एकेक वस्तू काढते. आत घडते ते पूर्णपणे साधे. बाहेर कापडावर पडणाऱ्या सावलीत ते भलतेच दिसते आणि पाहणाऱ्यांचे डोळे विस्फारतात. दुसऱ्यात आकाशात विचित्र आकाराचे एक यान दिसते. ते पाहून एक जण त्या आकाराचे वर्णन करू लागतो आणि नेमका शब्द येण्याआधीच दृश्य तुटते. पुढच्या दृश्यात दुसराच कोणी, वेगळ्याच संदर्भात, वाक्य पुढे नेतो आणि पुन्हा तुटते. अशी लांबलचक माळ लागते. पडद्यावर अश्लील शब्द एकदाही येत नाही. तो येतो प्रेक्षकाच्या मनात. लहान मुले गोंधळ पाहून हसतात, मोठी माणसे अर्थ कळून हसतात आणि मग एकमेकांकडे पाहायचे टाळतात. दिवाणखान्यात तीन पिढ्या एकत्र बसल्या असतील तर हा टाळाटाळीचा क्षण फार लांबतो. चित्रपटगृहातला अंधार किती उपयोगी असतो, ते अशा वेळी कळते.

सारेच विनोद इतके कसबी नाहीत. कॉफीच्या जागी भलताच द्रव पिण्याचा प्रसंग हा सरळ किळसवाणा आहे, आणि अनेक चाहत्यांनाही तो नकोसा झाला. स्कॉटलंडच्या त्या महाकाय पात्राच्या वाट्याला तर चरबी, घाम आणि दुर्गंधी यांपलीकडे फारसे काही आलेलेच नाही. एका जागी मात्र नायिका त्याला विचारते की तू सुखी आहेस का. तो क्षणभर थांबतो, डोळे भरतात. आपण दुःखी आहोत म्हणून खातो आणि खातो म्हणून दुःखी आहोत, असे काहीसे तो बोलून जातो. चित्रपट तेथे अर्धा क्षण शांत होतो. मग घाईघाईने पुन्हा एक ओंगळ आवाज काढून हशा वसूल करतो. तो अर्धा क्षण कापून टाकायला हवा होता किंवा आणखी लांबवायला हवा होता. आहे तसा तो नुसता टोचतो.

डॉक्टर ईव्हलची अंगाई

दुसऱ्या भागाने प्रेक्षकांना दिलेले सर्वांत लाडके पात्र म्हणजे ‘मिनी-मी’. डॉक्टर ईव्हलची हुबेहूब प्रतिकृती, फक्त एक अष्टमांश आकाराची. ही भूमिका केली व्हर्न ट्रॉयर याने. ८१ सेंटिमीटर उंचीचा, म्हणजे पावणेतीन फूटही न भरणारा, हा नट चित्रपटात जवळजवळ बोलतच नाही. तोच करडा पोशाख, तोच व्रण, ओठाशी नेलेली तीच करंगळी. डॉक्टर ईव्हलला स्कॉट नावाचा सख्खा मुलगा आहे; बापाचे लक्ष मिळावे म्हणून तो सतत धडपडतो आणि सतत झिडकारला जातो. बापाला हवी असते ती स्वतःचीच प्रतिमा, जी कधी उलट बोलत नाही. ती मिळाल्यावर तो आनंदाने गाऊ लागतो आणि गाणे निवडतो ‘जस्ट द टू ऑफ अस’.

बिल विदर्स आणि ग्रोव्हर वॉशिंग्टन यांचे हे १९८० सालचे प्रेमगीत. १९९८ मध्ये विल स्मिथने ते आपल्या मुलासाठी गायले आणि त्या वर्षी अमेरिकेत ते पितृप्रेमाचे गाणे झाले होते. डॉक्टर ईव्हल ते सख्ख्या मुलाऐवजी आपल्या प्रतिकृतीला उद्देशून गातो. प्रेक्षक खो खो हसले. या एका प्रसंगासाठी पुन्हा तिकीट काढणारेही होते. हसता हसता ज्यांना स्कॉट आठवला, त्यांना त्याच गाण्यात दुसरे काहीतरी ऐकू आले. वडिलांच्या आठवणीतून जन्मलेल्या चित्रपटात मुलाला न पाहणारा बाप येऊन बसावा, यात लेखकाच्या मनाचा कोणता धागा होता, कोण जाणे. तीन भागांतले सर्वांत खरे नाते मात्र हेच आहे, नायकाच्या साऱ्या प्रेमप्रकरणांहून कितीतरी खरे.

मिनी-मीवरचे प्रेम आणि मिनी-मीवरचे हसू यांची सीमारेषा प्रेक्षकाला कधी ठरवता आली नाही. ट्रॉयर पडद्यावर आला की चित्रपटगृहात लाडाचा एक हुंकार उठे. त्याला उचलून फेकले, आपटले, की तेवढ्याच जोराने हशा उठे. लहान आकाराच्या देहाला लागत नाही, असा जणू सर्वांचा समज असावा. ट्रॉयर हा नुसता उंचीच्या बळावर मिळालेला योगायोग नव्हता. डॉक्टर ईव्हलची प्रत्येक भिवई, मानेचा प्रत्येक झटका त्याने इतक्या अचूकपणे उचलला की मायर्सलाही त्याच्यासमोर जपून अभिनय करावा लागला असेल. एमटीव्हीच्या चित्रपट पुरस्कारांत २००० साली मायर्स आणि ट्रॉयर यांना सर्वोत्तम जोडीचा मान मिळाला, तो दोघांना मिळून होता. २००२च्या तिसऱ्या भागातही तो होता. त्यानंतर मात्र जगाला तो आठवत राहिला तो बहुधा ‘मिनी-मी’ म्हणूनच. स्वतःच्या नावाने हाक मारणारे थोडे.

दुसऱ्या भागाने जगभरात सुमारे ३१ कोटी २० लाख डॉलर मिळवले. रंगभूषेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले, तेही त्या महाकाय देहाच्या रंगभूषेसाठी. आपल्या ‘सोल बोसा नोवा’च्या तालावर तिसऱ्या भागात स्वतः वाद्यवृंदापुढे उभे राहिलेले क्विन्सी जोन्स २०२४ मध्ये गेले, बॅकरॅक त्याआधी, २०२३ मध्ये. व्हर्न ट्रॉयरचा जन्म १ जानेवारी १९६९चा, चित्रपटातले कालयंत्र ज्या वर्षात जाऊन पोहोचते त्याच वर्षाचा. मद्याच्या व्यसनाशी तो दीर्घ काळ झगडत होता. २१ एप्रिल २०१८ रोजी, एकोणपन्नासाव्या वर्षी, तो गेला आणि त्याच्या मृत्यूची नोंद आत्महत्या म्हणून झाली.

भारतातील पुष्कळ घरांनी ऑस्टिन पॉवर्सचे नावही ऐकलेले नाही. ‘बेबीज डे आउट’ मात्र त्यांनी पाहिलेला असतो; १९९४चा, अपहरणकर्त्यांच्या हातून निसटून शहरभर रांगत फिरणाऱ्या बाळाचा चित्रपट. तेलुगूत त्यावरून ‘सिसिंद्री’ निघाला. आपल्याकडेही उन्हाळ्याच्या सुटीत तो दूरचित्रवाणीवर लागला की आजीपासून नातवापर्यंत सगळे बसून पाहतात आणि कोणाला कोणाकडे पाहणे टाळावे लागत नाही. त्यातली जी जोखमीची कामे खऱ्या बाळाकडून करून घेणे शक्य नव्हते, त्यांसाठी बाळाचे कपडे घालून कॅमेऱ्यापुढे गेलेला माणूस व्हर्न ट्रॉयर होता.